लाल टोपी घालताना आणि उतरवताना

आमच्या सातारा भागात फौजीचा हुद्दा कुठलाही असो, गाव त्याला 'मेजर' म्हणूनच हाक मारतं. मी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, तरी पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं मला थांबवून विचारतात, "मेजर, मिलिटरी पोलीसमध्ये जायचं तर काय करावं लागतं?" आणि संध्याकाळी पारावर नुकताच घरी आलेला एखादा जवान शेजारी बसून हळूच विचारतो, "मेजर, आता पुढं काय?" दोघांनाही मी बोलायला सुरुवात करतो ती एकाच ठिकाणाहून: मिलिटरी पोलिसाची कमाई त्यानं लिहिलेल्या नोंदीत असते. नोकरीत ती नोंद त्याचं रक्षण करते आणि बाहेर आल्यावर तीच सवय त्याला भाकरी देते. मला हे उशिरा उमगलं. तुम्हाला वेळेवर उमगावं म्हणून क्रमानं लिहितो.

आधी नावातला गोंधळ

बंदोबस्ताला येणारे एसआरपीचे जवान मिलिटरी पोलीस नव्हेत, ते महाराष्ट्र पोलिसांचंच एक अंग आहे. सीआरपीएफ केंद्रीय गृहमंत्रालयाखाली येतं. बिहारमध्ये तर 'बिहार मिलिटरी पोलीस' याच नावाचं राज्य पोलिसांचं दल होतं, २०२१ मध्ये त्याचं नाव बदललं. मी लिहितोय ते भारतीय लष्करातल्या 'कोअर ऑफ मिलिटरी पोलीस'बद्दल, म्हणजे सीएमपीबद्दल. डोक्यावर लाल बेरे टोपी, कमरेला पांढरा पट्टा, दंडावर 'एमपी'. सेंटर आणि स्कूल बेंगळुरूला, ब्रीद 'सेवा तथा सहायता'. दलाची सुरुवात १९३९ ची, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरची. हवाई दल आणि नौदल यांची पोलीस व्यवस्था वेगळी आहे, तिथली भरतीही वेगळी.

काम काय? शांततेच्या ठिकाणी छावणीतली शिस्त, वाहतूक, गस्त, रेल्वे स्टेशनवरची तपासणी, छावणीतल्या अपघाताची पहिली चौकशी, मोठ्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांपुढं पायलट. मोटरसायकलवर कसरती करणारं 'श्वेत अश्व' पथक तुम्ही पाहिलं असेल, तेही सीएमपीचंच. फील्डमध्ये काम बदलतं. डोंगरी रस्त्यावर कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, सोडायचा, टीसीपीवर, म्हणजे वाहतूक नियंत्रण चौकीवर, उभं राहून गाडीगाडीची नोंद घ्यायची, रात्री दिवे न लावता जाणाऱ्या गाड्यांना वाट दाखवायची, तुकडीपासून चुकलेल्या जवानाला ठिकाणावर पोचवायचं.

आणि युद्धकैदी. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याच्या शरणागतीनंतर सुमारे ९३,००० कैदी भारताच्या ताब्यात आले. १९४९ च्या जिनिव्हा करारानं कैद्याला कसं वागवायचं हे ठरवून दिलेलं आहे. त्याच्याकडून नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि लष्करी क्रमांक एवढंच सांगण्याची सक्ती करता येते. त्याच्याजवळचे पैसे काढून घ्यायचे तर अधिकाऱ्याचा हुकूम लागतो, रक्कम नोंदवहीत चढवावी लागते आणि त्याला पावती द्यावी लागते. शत्रूच्या खिशातल्या नोटांचीसुद्धा पावती. सेंटरमध्ये मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. या नोकरीचा सगळा स्वभाव मला त्या पावतीत दिसतो.

भरती

मुलांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. अर्जात 'मिलिटरी पोलीस' असा वेगळा रकाना नसतो. तुम्ही अग्निवीर जनरल ड्युटीसाठी अर्ज करता आणि निवड झाल्यावर कुठली शाखा मिळणार हे लष्कर आपल्या गरजेप्रमाणे ठरवतं. त्यामुळं "दोन लाख द्या, एमपीत घालतो" म्हणणारा माणूस खोटं बोलतो आहे. माझ्या ओळखीच्या एका घरानं त्यासाठी म्हैस विकली होती. पैसे गेले, आणि पोरगा पुढच्या वर्षी स्वतःच्या पायावर पळून भरती झाला.

मुलींचं उलट आहे. त्यांच्यासाठी 'अग्निवीर जनरल ड्युटी, महिला मिलिटरी पोलीस' अशी स्वतंत्र जाहिरात निघते. अधिकारी होण्याच्या वाटा वेगळ्या; पण शिपाई म्हणून लष्करात शिरायचं तर दार हेच. २०१९ च्या जानेवारीत सरकारनं या दलात महिलांना घेण्याचा निर्णय जाहीर केला, टप्प्याटप्प्यानं १,७०० महिला घेण्याची योजना होती. ६१ आठवड्यांचं प्रशिक्षण पुरं करून ८३ मुलींची पहिली तुकडी ८ मे २०२१ रोजी बेंगळुरूच्या मैदानावरून बाहेर पडली. ज्या पोरींना घरून "फौजेत मुलींचं काय काम" असं ऐकावं लागतं त्यांनी हा आकडा आणि तारीख पाठ करून ठेवावी.

आता पायऱ्या. 'जॉइन इंडियन आर्मी' या सरकारी संकेतस्थळावर स्वतः नोंदणी करा, सायबर कॅफेवाल्याच्या मोबाईल नंबरवर नको. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि डोमिसाईल यांतलं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. 'पाटिल' आणि 'पाटील' एवढ्या फरकावर मुलं कागदतपासणीच्या टेबलावरून परत येताना मी पाहिली आहेत. जनरल ड्युटीला दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. वय किमान साडेसतरा वर्षं. वरची मर्यादा त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा, गेल्या वर्षीच्या मित्राला विचारू नका.

पहिली चाळण ऑनलाइन लेखी परीक्षेची. ती मराठीतूनही देता येते, तरी आमची पोरं भीतीनं दुसरी भाषा निवडतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, म्हणून अंदाजे बाण मारू नका. लेखीत पास झाल्यावर ग्राउंड. मुलांना १.६ किलोमीटर पळायचं आहे, साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण ६० गुण आणि पुढं वेळ वाढेल तसे गुण उतरतात. बीमला दहा पुलअप काढले तर ४० गुण. नऊ फुटांचा खड्डा आणि तोल सांभाळत चालणं यांत फक्त पास व्हायचं असतं. मुलींना तेवढंच अंतर साडेसात मिनिटांत पळालं तर पहिला गट, आठ मिनिटांपर्यंत दुसरा. शिवाय दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. मुलींची उंची १६२ सेंटिमीटर लागते.

मेडिकलला जाण्याआधी कान साफ करून घ्या, किडका दात भरून घ्या. हौसेनं केलेलं गोंदण असेल तर त्याचे नियम जाहिरातीत नीट वाचा. एनसीसी केली असेल तर तिच्या प्रमाणपत्राला बोनस गुण आहेत.

पैशांचा हिशोब घरी बसून करूनच जा. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये, पुढं ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के दर महिन्याला कापून सेवा निधीत जातात आणि तेवढीच रक्कम सरकार घालतं. पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात. चार वर्षांनी व्याज धरून सुमारे ११.७१ लाख मिळतात, त्यावर आयकर नाही. पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना कायम घेतलं जातं. म्हणून भरती होतानाच पाचव्या वर्षाचा विचार डोक्यात ठेवा.

सेंटर

यावर जास्त लिहीत नाही, कारण उस्ताद तुम्हाला सगळं शिकवतील. ड्रिल, हत्यार, नकाशा, मग गाडी आणि मोटरसायकल, वायरलेस, वाहतुकीचे इशारे, प्रोव्होस्ट ड्युटी म्हणजे लष्करी पोलिसाचं काम, आर्मी अ‍ॅक्ट. मराठी मुलांची अडचण बहुतेक वेळा हिंदी बोलण्यात असते. 'ळ' आणि 'ण' मधला गावरान ठसका जात नाही, तो जाऊही देऊ नका, पण हिंदीत सरळ चार ओळींचा रिपोर्ट लिहिता आला पाहिजे. रोज रात्री दिवसभराची हकिगत पाच ओळींत लिहायची सवय लावा.

तुमचा अधिकार किती आणि कुठपर्यंत

इथं सावकाश वाचा, कारण नवा एमपी इथंच घसरतो.

आर्मी अ‍ॅक्ट, १९५० चं कलम १०७ प्रोव्होस्ट मार्शल (लष्करी पोलीस अधिकारी) आणि त्याच्या हाताखालच्यांना अधिकार देतं. लष्करी कायदा ज्याला लागू आहे अशा माणसानं गुन्हा केला किंवा त्याच्यावर तसा आरोप असेल तर त्याला अटक करून ताब्यात ठेवता येतं. पण त्याच कलमात पुढं बंधनं आहेत. स्वतःच्या अधिकारात कुठलीही शिक्षा देता येत नाही. आणि अधिकाऱ्याला अटक करायची तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. नागरिक तर या कलमात बसतच नाही. छावणीच्या रस्त्यावर एखाद्या नागरिकानं भांडण काढलं तर त्याला सिव्हिल पोलिसांच्या हवाली करणं एवढंच तुमचं काम.

माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मोठ्या स्टेशनवर तपासणीला होतो. एक जवान बाकावर बसलेला, दाढी वाढलेली, लीव्ह सर्टिफिकेटची मुदत दोन दिवसांपूर्वी संपलेली. मी चारचौघांत त्याच्यावर ओरडलो, कॉलर धरली. तो काही बोलला नाही. माझ्याबरोबरच्या सीनियर हवालदारानं मला बाजूला केलं, त्या जवानाला चहा दिला आणि वही काढली. नाव, नंबर, युनिट, गाडी कुठली, घरून कधी निघालास. दहा मिनिटांत कळलं की वडील वारले होते. त्यानं युनिटला तार केली होती आणि तिची पावती त्याच्या पाकिटात होती. हवालदारानं पावतीचा नंबर उतरवून घेतला, युनिटला फोन लावला, पुढच्या गाडीत त्याला बसवून दिलं. मला तो एवढंच म्हणाला, "ओरडल्यानं तुला काय कळलं, ते लिही बघू." लिहिण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून त्या हवालदारानं मला नोंद लिहायला शिकवलं. जे शिकलो ते असं.

वेळ चोवीस तासांच्या घड्याळात लिहा, आणि घडल्या घडल्या लिहा. ड्युटी संपल्यावर आठवून लिहिलेली नोंद कोर्टात वकील पाच मिनिटांत मोडतो. दोन नोंदींत कोरी ओळ सोडू नका. खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही करा. आणि सगळ्यांत अवघड: पाहिलं ते लिहा, ठरवलं ते लिहू नका. "जवान दारूच्या नशेत होता" हा तुमचा निकाल झाला. "तोंडाला दारूचा वास होता, चालताना दोनदा तोल गेला, नाव सांगताना अडखळला, २२१० वाजता डॉक्टरसमोर उभा केला" ही नोंद झाली. निकाल द्यायला कमांडिंग ऑफिसर आहे, कोर्ट मार्शल आहे. साक्षीदाराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा, तो शिव्या देऊन बोलला असेल तर तशाच.

एमपीला आपलीच फौज लांब ठेवते, हेही मनाशी धरून जा. कॅन्टीनच्या रांगेत तुम्ही उभे राहिलात की पुढच्यांचं बोलणं थांबतं. लाल टोपीवाल्याला मित्र कमी असतात. याचं वाईट वाटतं, मला सतरा वर्षं वाटलं. पण ज्या जवानाची नोंद मी सरळ लिहिली, त्यांतला कुणीही पुढं मला भेटल्यावर तोंड फिरवून गेला नाही.

शेवटची तीन वर्षं

पेन्शनची फाइल सरकली की बहुतेक जण घराचं बांधकाम काढतात. घर बांधा, पण त्याआधी ही कामं उरका.

एमएस-सीआयटी करा, महाराष्ट्रात सरकारी जागांना ती वारंवार मागतात. गाडी चालवत असाल तर नागरी लायसन्स काढून ठेवा. दहावी-बारावीवर थांबला असाल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूतून पदवी धरा. अग्निवीरांसाठी इग्नूची वेगळी पदवी आहे, तिचे निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट 'क' मधल्या, पदवी ही अट असलेल्या बिगर-तांत्रिक जागांसाठी पात्र धरता येतं, हे कित्येकांना माहीतच नसतं.

पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, सेवेच्या शेवटच्या टप्प्यात कोर्स देतं. एमपीनं डोळे झाकून 'सिक्युरिटी'चा कोर्स घेऊ नये, सुरक्षेचं मूळ तुम्हाला येतंच. अग्निशमन आणि औद्योगिक सुरक्षितता, किंवा गोदाम आणि मालवाहतूक यांतलं काही घ्या. कारखान्यात वरच्या जागेवर जायला ते उपयोगी पडतं.

निघण्याच्या शेवटच्या वर्षात केंद्राच्या जागांसाठी माजी सैनिक कोट्यातून अर्ज करता येतो. युनिटचं ना-हरकत आधी मागून ठेवा.

घरी आल्यावरचे कागद

डिस्चार्ज बुक हातात पडताक्षणी प्रत्येक पान तपासा. जन्मतारीख, बायकोचं नाव, मुलांची नावं, वारस. चूक असेल तर रेकॉर्ड ऑफिसला तेव्हाच लिहा, दहा वर्षांनी लिहाल तर हेलपाटे घालाल. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून माजी सैनिकाचं ओळखपत्र घ्या. त्याशिवाय राज्यातली कुठलीच सवलत पुढं सरकत नाही. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं ईसीएचएस कार्ड, कॅन्टीन कार्ड, 'स्पर्श' या पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेवर पडताळणी. हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत, पाहुण्यांकडं जेवणं चालू असतानाच.

सरकारी वाट

केंद्रात गट 'क' मध्ये माजी सैनिकांना १० टक्के आणि गट 'ड' मध्ये २० टक्के जागा आहेत. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत हे प्रमाण १४.५ आणि २४.५ टक्के होतं, त्यात अपंग माजी सैनिक आणि शहीदांच्या वारसांचा वाटा धरलेला आहे. महाराष्ट्रात गट 'क' आणि 'ड' मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण, पोलीस भरतीतही ते असतं. केंद्राच्या जागांसाठी वय मोजताना सेवेची वर्षं वजा होतात, उरलेलं वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त भरता कामा नये. अग्निवीर म्हणून चार वर्षांत बाहेर येणाऱ्याला हा कोटा लागू नाही. त्याच्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये राखीव जागा आणि वयात सूट ठेवलेली आहे.

इथं एक खड्डा आहे, त्यात चांगले चांगले पडलेत. केंद्राच्या एका नोकरीत कोट्यातून रुजू झालात की पुढच्या नोकरीला तो कोटा संपतो. पण रुजू होण्याआधीच तुम्ही आणखी चार ठिकाणी अर्ज केलेले असतील, तर रुजू होताना त्या अर्जांची तारीखवार यादी लेखी द्या, पोच घ्या. मग त्या चार जागांसाठी तुमचा हक्क शाबूत राहतो. यादी दिली नाही म्हणून बँकेची जागा हातची गेलेला माझा बॅचमेट आजही शिपाई म्हणून फाइली नेतो.

पुन्हा वर्दी घालावी असं वाटणाऱ्यांसाठी डिफेन्स सिक्युरिटी कोअर आहे, केंद्र केरळात कण्णूरला. तिथं माजी सैनिकांनाच घेतात. राज्यात मेस्को, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, सरकारी आस्थापनांना सुरक्षारक्षक पुरवतं. सुरुवातीला तिथं नाव घातलेलं बरं, घराजवळ काम मिळण्याची शक्यता असते.

खासगी नोकरी

मी स्वतः ही वाट धरली. चाकण, रांजणगाव, वाळूज अशा एमआयडीसीत आमच्यासारख्यांना काम आहे. पण बायोडेटात 'प्रोव्होस्ट ड्युटी' लिहिलंत तर समोरच्या एचआरच्या मुलीला काही कळत नाही. तिला कळेल असं लिहा: बारा माणसांच्या पाळीची जबाबदारी, गेटवरची वाहन नोंद आणि तपासणी, अपघाताची प्राथमिक चौकशी आणि लेखी अहवाल, कोर्टात साक्ष. युनिट, ठिकाणं, तैनातीचे तपशील लिहू नका, विचारले तरी सांगू नका. गोपनीयतेचा कायदा पेन्शनीनंतरही लागू असतो.

पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यांत जड जातं ते आवाज खाली आणणं. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका ट्रक ड्रायव्हरला हुकूम सोडला, त्यानं गाडी गेटवर आडवी लावली आणि दोन तास माल अडकला. व्यवस्थापकानं मला बोलावून शांतपणे विचारलं, "तुम्ही त्याला 'भाऊ' म्हटलं असतं तर काय गेलं असतं?" दुसऱ्या दिवसापासून 'भाऊ', 'मामा', 'ताई'. काम दुप्पट सोपं झालं.

आणि वही तीच. कारखान्यातली चोरी भिंतीवरून क्वचित होते, ती भंगाराच्या गाडीतून होते. रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं वजन, वजनकाट्याची पावती, गेटपासवरची सही आणि वेळ या चार गोष्टी जुळवत बसलात तर तिसऱ्या आठवड्यात कुठं गळतंय ते दिसतं. मला दिसलं तेव्हा मी कुणाचं नाव घेतलं नाही. तारखा आणि वजनं एका कागदावर मांडून व्यवस्थापकापुढं ठेवली. सहा महिन्यांत सुपरवायझरचा सिक्युरिटी ऑफिसर झालो.

कायद्यानं तुम्ही आता साधे नागरिक आहात, हे मात्र रोज सकाळी आठवा. लाल टोपीचा अधिकार टोपीबरोबर जमा झाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० खासगी व्यक्तीला अटकेची मुभा देतं, पण गुन्हा तुमच्या डोळ्यांसमोर घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र असला पाहिजे, किंवा तो माणूस फरारी म्हणून जाहीर झालेला असला पाहिजे. धरल्यावर विनाविलंब, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. कामगाराला केबिनमध्ये कोंडून 'कबूल कर' म्हणणं हा तुमचाच गुन्हा ठरतो. महिला कामगाराची झडती महिला रक्षकच घेईल, ती नसेल तर झडती थांबवा.

नोकरी धरताना पगाराच्या आकड्याआधी पीएफ, ईएसआय, पाळी आठ तासांची की बारा तासांची आणि साप्ताहिक सुटी हे विचारा. नेमणूकपत्राशिवाय एक दिवसही उभे राहू नका. फौजेत सगळं मिळत होतं म्हणून मागायची लाज वाटते. मलाही वाटली, आणि पहिल्या एका मालकाकडं माझा दीड वर्षाचा पीएफ भरलाच गेला नव्हता.

स्वतःची एजन्सी काढायची तर

किमान तीन-चार वर्षं दुसऱ्याकडं काम केल्याशिवाय नको. खासगी सुरक्षा एजन्सी कायदा २००५ चा आहे, परवाना राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडून मिळतो. शुल्क एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,०००, पूर्ण राज्यासाठी २५,०००. परवाना पाच वर्षं चालतो आणि मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज लागतो. खरा खर्च शुल्कात नसतो. ग्राहक बिल दोन-तीन महिन्यांनी देतो आणि रक्षकांचा पगार मात्र सात तारखेला द्यावा लागतो, तेवढं भांडवल गाठीशी हवं. सेवा निधी किंवा फंडाचा सगळा पैसा यात घालू नका.

केंद्राच्या नमुना नियमांत नव्या रक्षकाला वर्गातलं १०० तासांचं आणि मैदानावरचं ६० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे, माजी सैनिकाला ४० आणि १६ तासांचं. काही एजन्सी हे तास कागदावर दाखवतात. तुम्ही ते खरे घ्या. लष्करासारखा दिसणारा गणवेश रक्षकांना देऊ नका, तो या कायद्यानं गुन्हा आहे आणि शिक्षा रक्षकाबरोबर मालकालाही होते. लाल बेरे तर नकोच. माझी घरी कपाटात आहे, नव्या पोरांना शिकवताना मी साधी टोपी घालून जातो. पहिल्या दिवशी त्यांना दंडुका देत नाही. शंभर पानी वही आणि दोन पेनं देतो, आणि गेटवर तासभर उभं करून सांगतो, दिसेल ते लिहा. पहिल्या तासाला बहुतेकांच्या वहीत तीन ओळी असतात. आठवड्यानं दोन पानं भरतात, आणि त्या दोन पानांत कुठली गाडी दोनदा आली हे त्यांचं त्यांनाच सापडलेलं असतं.